वंशावळीतील नोंद कुठून आली, हे कसे लिहावे? सोलापूर परिसरातील कागदपत्रांच्या अनुषंगाने

जुनी पेठ, सोलापूर (धागाकर्ता)

ऑनलाइन वंशवृक्षात एखाद्या आजोबांच्या नावापुढे ‘जन्म १ जून १९३२’ असे दिसले की ती तारीख कुठून घेतली आहे ते मी आधी पाहतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याबाबत एक अक्षरही लिहिलेले नसते. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनलाच का येतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मुलाला शाळेत घालताना पालकांना नेमकी तारीख सांगता येत नसे, गुरुजी मुलाच्या वयाचा अंदाज घेत आणि शाळेच्या वर्षाशी जुळणारी तारीख जनरल रजिस्टरात लिहून टाकत. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर आणि पेन्शनच्या प्रकरणात उतरत गेली. आता चार कागदांवर एकच तारीख दिसत असली तरी ते चार पुरावे होत नाहीत; एकाच अंदाजाच्या त्या चार नकला आहेत. वंशवृक्षात नुसती तारीख लिहिली तर पुढच्या माणसाला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. ‘शाळेचे जनरल रजिस्टर, प्रवेशाची नोंद’ एवढे जरी शेजारी लिहिले, तरी जाणकार वाचक त्या तारखेला किती वजन द्यायचे ते स्वतः ठरवू शकतो.

हा धागा त्यासाठीच काढला आहे. आपल्या भागात वंशावळीसाठी कोणते कागद मिळतात याची चर्चा पुष्कळ होते. मिळालेल्या कागदाची नोंद कशी ठेवावी याची मात्र फारशी होत नाही. माझी पद्धत मांडतो, इतरांनी भर घालावी.

उदाहरण म्हणून वारस फेरफार, म्हणजे खातेदार वारल्यावर त्याच्या वारसांची नावे जमिनीला लावण्याची नोंद, घेऊ, कारण शेतजमीन असलेल्या जवळजवळ प्रत्येक घराण्यात तो सापडतो. गाव नमुना ६ मधील, म्हणजे गावच्या फेरफार नोंदवहीतील, अशा एका नोंदीत तीन वेगवेगळ्या तारखा असू शकतात. खातेदार मयत झाल्याची तारीख, वारसांनी दिलेल्या वर्दीवरून तलाठ्याने नोंद घातल्याची तारीख, आणि मंडळ अधिकाऱ्याने किंवा त्या काळच्या सर्कलने ती प्रमाणित केल्याची तारीख. यांतील शेवटच्या दोन तारखा त्या त्या माणसाने स्वतः काम करताना लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्यांवर विसंबता येते. मृत्यूची तारीख मात्र वारसाने सांगितलेली असते, आणि वर्दी अनेकदा मृत्यूनंतर काही वर्षांनी, कर्ज काढायची किंवा वाटप करायची वेळ आल्यावर दिलेली असते. म्हणजे एकच कागद वारसांच्या नात्याबाबत भक्कम आणि मृत्यूच्या तारखेबाबत कच्चा असू शकतो. वंशवृक्षात मृत्यूची तारीख भरताना ती फेरफारातली आहे एवढे सांगून भागत नाही. ‘वारसाच्या वर्दीनुसार’ हेही लिहावे लागते.

त्याच नोंदीत एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ असे लिहून आईचे नाव दिलेले असेल, तर तो मुलगा तेव्हा अज्ञान होता आणि आई त्याची पालनकर्ती होती. जन्मतारीख कुठेच नसली तरी तो त्या वर्षी सज्ञान झालेला नव्हता, एवढा निष्कर्ष निघतो. मात्र हा निष्कर्ष आपला आहे. कागदात जे आहे ते एका ओळीत आणि आपण त्यावरून काढलेले अनुमान दुसऱ्या ओळीत, असे वेगळे लिहिण्याची सवय लावून घ्यावी. मुलींची नावे जुन्या वारस नोंदींत नाहीत म्हणून त्या घरात मुली नव्हत्या असे कोणी समजू नये; कित्येकदा ती वगळलेली असतात आणि कधी कधी सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सापडतात.

स्रोताची टीप मी साधारण अशी लिहितो: ‘गाव नमुना ६, फेरफार क्रमांक अमुक, मौजे अमुक, तालुका दक्षिण सोलापूर, वारस नोंद, प्रमाणित केल्याचा दिनांक अमुक. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळालेली प्रमाणित नक्कल, नकलेचा दिनांक अमुक. मूळ नोंदवही पाहिलेली नाही.’ शेवटचे वाक्य लोकांना अनावश्यक वाटते, पण संपूर्ण टिपेतले सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे असे माझे मत आहे. मूळ पाहिले, छायाप्रत पाहिली, स्कॅन पाहिले, की कोणीतरी केलेले लिप्यंतर वाचले, यावर पुढचा सगळा विश्वास अवलंबून असतो.

मोडीवाचक

धागा वेळेवर निघाला. मोडी कागदांबाबत थोडी भर घालतो.

आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बरेच महसुली कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही, शब्द सुटे लिहिले जात नाहीत, आणि घाईच्या हातात काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्याने एक नाव वाचले आणि दुसऱ्याने दुसरे, असे घडते. माझ्याकडे लोक देवनागरीत टंकलेली पाने घेऊन येतात आणि ‘हा आमच्या घराण्याचा कागद’ म्हणतात. कागद कुठे आहे असे विचारले की तो काकांकडे होता, आता माहीत नाही, असे उत्तर मिळते. तेव्हा आपण जे वाचतो आहोत ते कोणाचे वाचन आहे, हे टिपेत यायलाच हवे. लिप्यंतरकाराचे नाव, त्याने ते केव्हा केले, आणि त्याच्यासमोर मूळ कागद होता की मोबाइलवर काढलेले अंधूक छायाचित्र होते, एवढे पुरे. संशयित अक्षरापुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकावे आणि वंशवृक्षात नाव चढवताना ते पुसू नये. एकदा प्रश्नचिन्ह गळाले की ते परत येत नाही.

कालगणनेबाबतही हेच. कागदावर शक असेल तर शकच लिहावा आणि शेजारी आपण काढलेले इसवी सन द्यावे. शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांचे सन निघते, पण पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदलते, म्हणून माघ-फाल्गुनाच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन (अरबी नावाची जुनी कालगणना) असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. मूळ आकडा न लिहिता नुसते इसवी सन नोंदवले, तर चूक हिशेबाची की कागदातलीच हे पुढे कोणालाही तपासता येणार नाही.

पूर्व भाग

मी तेलुगू भाषक विणकर कुटुंबातील आहे. आमचे पूर्वज तेलंगणातून हातमागाच्या आणि पुढे गिरण्यांच्या कामासाठी सोलापुरात आले. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि त्यानंतर इथे गिरण्या वाढत गेल्या, हे सर्वांना माहीत आहेच. आमची अडचण निराळी आहे. घरात आणि लग्नपत्रिकेत घराण्याचे नाव आधी व व्यक्तीचे नाव नंतर येते. मराठी शाळेच्या रजिस्टरात क्रम उलटून व्यक्ती, वडील, आडनाव असा झालेला असतो. गिरणीच्या कागदांवर इंग्रजीत आद्याक्षरे असतात आणि आद्याक्षर नेमके कशाचे आहे हे लिहिलेले नसते. एका कारकुनाने वडिलांचे नावच आडनाव म्हणून घातले असेल, तर पुढच्या पिढीचे आडनाव तेच होऊन बसते. ऑनलाइन शोधताना एकच माणूस तीन माणसे म्हणून समोर येतो, आणि उत्साही मंडळी कधी तिघांना वेगवेगळे ठेवतात, तर कधी तीन खरोखरच्या वेगळ्या माणसांना एक करून टाकतात.

आपली पद्धत इथे कशी लागू करावी?

जुनी पेठ

पूर्व भागातील सदस्यांना उत्तर देतो. नाव जसे कागदावर आहे, त्याच क्रमाने, त्याच लिपीत आणि त्याच चुकीच्या स्पेलिंगसह स्रोताच्या टिपेत लिहावे. वंशवृक्षाच्या मुख्य रकान्यात कुटुंबाला मान्य असलेले रूप ठेवावे, आणि बाकीची रूपे पर्यायी नावे म्हणून प्रत्येकी आपापल्या स्रोतासह द्यावीत. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे ठरवले, तर कशावरून ठरवले ते दोन-तीन वाक्यांत लिहावे: पत्नीचे नाव जुळते, राहण्याची पेठ जुळते, भावाचे नाव जुळते, वगैरे. नुसते नाव आणि अंदाजे वय जुळले म्हणून दोन माणसे एक करणे, हा ऑनलाइन वंशवृक्षांतला सर्वांत महाग पडणारा उद्योग आहे, कारण एकदा एकत्र केलेल्या शाखा सोडवताना दोन्हीकडची मुलेबाळे विखुरतात.

मोडीवाचक यांचे ‘कोणाचे वाचन’ हे सूत्र मी माझ्या टिपेच्या नमुन्यात घेतो आहे.

बार्शीकर

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. आपण सर्व जण हौशी आहोत, न्यायालयात दावा चालवत नाही. प्रत्येक नावापुढे चार ओळींची टीप लिहायची म्हटली तर निम्मे लोक वंशावळ लिहिणेच सोडून देतील. आज ऐंशीच्या पुढची माणसे जे सांगतात ते आधी उतरवून घ्यावे, स्रोताचे नंतर पाहता येईल. शिवाय सीमेलगतच्या आमच्यासारख्यांना कागद मिळणेच मुश्कील. तुळजापूर, नळदुर्ग, परांडा हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या दप्तरात उर्दू येते, फसली सन (तिकडची महसुली कालगणना) येतो, आणि आमची सोयरीक तर त्याच गावांत. तिथले खासरा पाहणी पत्रक (जमिनीच्या पाहणीची जुनी नोंद) मिळाले तरी आम्ही धन्य होतो.

आणि घरोघर फिरून वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या वह्यांचे काय? त्यांनाही स्रोत म्हणायचे का? दक्षिणा घेऊन मोठेपणा सांगणाऱ्याच्या वहीला मी तरी पुरावा मानणार नाही.

भीमाकाठ

बार्शीकरांच्या शेवटच्या मुद्द्याला उत्तर देणे भाग आहे. आमच्या अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात हेळवी अजूनही येतात. पूर्वी बैलावर बसून येत, आता अनेक जण वाहनाने येतात. ओट्यावर बसून कन्नडमध्ये वंश म्हणतात, घरात नवीन जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढवतात, धान्य किंवा पैसे घेतात आणि पुढच्या घरी जातात.

या वहीला एकच ठप्पा मारणे योग्य होणार नाही. हेळवी घरी बसून ज्या पिढीची नावे विचारून लिहितो, त्या पिढीपुरती ती नोंद समकालीन असते आणि माहिती सांगणारा घरचाच माणूस असतो. अशी नोंद मला शाळेच्या अंदाजी तारखेपेक्षा विश्वसनीय वाटते. त्याच वहीतील सात-आठ पिढ्यांमागची नावे जीर्ण वहीवरून नव्या वहीत उतरवलेली असतात, आणि मूळपुरुष अमुक राजाच्या पदरी होता ही कथा तर केवळ तोंडी परंपरा असते. म्हणून मी वहीचा उल्लेख करताना शाई आणि अक्षर कुठे बदलते ते पाहतो. आमच्या घरच्या पानावर वरची नावे एका हाताने सलग लिहिलेली आहेत, आजोबांच्या भावंडांपासून अक्षर बदलते, आणि वडिलांची पिढी बॉलपेनने लिहिलेली आहे. टिपेत मी तसेच लिहिले: ‘पहिल्या भागाची नक्कल, आजोबांच्या पिढीपासून भेटीच्या वेळी लिहिलेली नोंद, पान हेळव्याच्या परवानगीने छायाचित्रित.’ परवानगीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण वही त्यांच्या उपजीविकेचे साधन आहे आणि तिची सर्व पाने ऑनलाइन टाकणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनाही हाच न्याय लावावा. तिथे तर यात्रेकरूने स्वतःच्या हाताने मजकूर लिहून सही केलेली असू शकते, आणि तसे असेल तर ‘पूर्वजाचे स्वहस्ताक्षर’ हे टिपेत आवर्जून यायला हवे.

जुनी पेठ

भीमाकाठ यांचा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे.

बार्शीकर, आपला आक्षेप रास्त आहे; माणसे आधी बोलती करावीत, यात दुमत नाही. पण ज्येष्ठांचे सांगणे हाही स्रोतच आहे आणि त्याची टीप लिहायला अर्धा मिनिट लागतो: कोणी सांगितले, त्यांचे त्या व्यक्तीशी नाते काय, केव्हा सांगितले, आणि ते त्यांनी स्वतः पाहिले होते की ऐकले होते. मोठ्या आत्याने धाकट्या भावाच्या जन्माबद्दल सांगितलेली गोष्ट आणि त्याच आत्याने आपल्या पणजोबांबद्दल सांगितलेली गोष्ट यांचे वजन सारखे असू शकत नाही. मुलाखत ध्वनिमुद्रित केली असेल तर फाइलचे नाव आणि कितव्या मिनिटाला ते वाक्य आहे ते लिहावे. ‘स्रोताचे नंतर पाहू’ म्हणणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत; नंतर कोणी पाहत नाही, कारण नंतर कोणाला आठवतच नाही.

फसली सनाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हैदराबाद राज्यातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या आसपास सुरू होत असल्यामुळे वर्षाच्या पहिल्या भागात ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर दोन्ही सने लिहावीत. फसली १३५७ असे दिसले तर ‘१९४७-४८’ लिहावे. त्यातले एक निवडून खोटी नेमकेपणाची छाप पाडू नये.

कारभाराच्या हद्दी बदलल्या, हेही टिपेत दिसायला हवे. माळशिरस १८७५ साली सोलापूर जिल्ह्याला जोडले गेले, त्याआधी ते साताऱ्याकडे होते. अक्कलकोट हे संस्थान होते. उस्मानाबादचे आता धाराशिव झाले आहे. जागेचे नाव कागदात जसे आहे तसे लिहून आजचे नाव शेजारी द्यावे. इंग्रजी सूचींत शोधताना सोलापूरचे जुने स्पेलिंग ‘शोलापूर’ असे टाकावे, अन्यथा १८८४ च्या गॅझेटियरसारखा घरबसल्या वाचता येणारा ग्रंथही समोर येत नाही. गॅझेटियरमध्ये आपल्या आजोबांचे नाव मिळणार नाही, पण गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होते ते मिळेल, आणि मग दप्तर कुठे शोधायचे ते कळेल.

नवखी सदस्य

माझा प्रश्न फार प्राथमिक आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यावर जुने अभिलेख स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. त्यात मला आमच्या गावच्या गाव नमुना १४ चे, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्ममृत्यूच्या वहीचे पान मिळाले. मी पानाची लिंक वंशवृक्षात चिकटवली, पण आता ती उघडत नाही. टीप कशी लिहायची?

मोडीवाचक

ताई, लिंक ही टिपेची जागा घेऊ शकत नाही. ती टिपेच्या शेवटी येते. संकेतस्थळांची रचना बदलते आणि लिंक मरते. म्हणून वहीचे नाव, गाव, तालुका, वर्ष, पानाचा किंवा प्रतिमेचा क्रमांक, नोंदीचा अनुक्रमांक, कोणत्या संकेतस्थळावर आणि कोणत्या दिवशी पाहिले, हे आधी लिहा. मग लिंक जाईना का, पुढचा माणूस तहसील कार्यालयात जाऊन तेच पान मागू शकेल. सार्वजनिक पानाची एक प्रत वेबॅक मशीन या जुनी वेबपाने जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवून ठेवता येते. स्वतःच्या संगणकावर पानाची प्रतिमा उतरवताना फाइलचे नाव ‘आयएमजी’ आणि आकडे असे न ठेवता गाव, नमुना, वर्ष आणि पान असे ठेवा. फक्त आपल्या नोंदीचा तुकडा कापून ठेवू नका, पूर्ण पान आणि वहीचे मुखपृष्ठ ठेवा. वरखालच्या नोंदींतील अक्षर, तारखांचा क्रम आणि रकान्यांची शीर्षके हीच आपल्या नोंदीची साक्ष असतात.

एक सूचना आणखी. जात पडताळणीसाठी शोध घेणारे लोक ठरावीक दिनांकापूर्वीचा कागद शोधतात. इतर मागासवर्गासाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ आहे. तसा एक कागद मिळाला की शोध थांबतो आणि त्या कागदातली जातीच्या रकान्यापलीकडची माहिती कोणी उतरवूनच घेत नाही. नोंदीत आईचे नाव असते, मृत्यूचे कारण असते, वर्दी देणाऱ्याचे नाव असते. तेही लिहा.

पूर्व भाग

कोणते संकेतस्थळ वापरावे, यावरही कोणी सांगावे. माझ्या पुतण्याने एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर वंशवृक्ष नेला, तेव्हा माणसे आली पण टिपा आल्या नाहीत.

जुनी पेठ

वंशवृक्ष एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यासाठी जेडकॉम नावाचे फाइल स्वरूप वापरतात. त्यात स्रोतांसाठी जागा आहे, परंतु प्रत्येक अ‍ॅप ती सारख्याच रीतीने भरत नाही. म्हणून टिपेतला महत्त्वाचा मजकूर एका साध्या तक्त्यातही ठेवावा, म्हणजे अ‍ॅप बंद पडले तरी बिघडणार नाही. फॅमिलीसर्च आणि विकीट्री यांवरील वंशवृक्ष सामाईक आहेत, तिथे आपण लिहिलेले दुसरा सदस्य बदलू शकतो. तिथे नीट टीप असणे हेच आपल्या नोंदीचे संरक्षण आहे, कारण टीप पाहून समोरचा माणूस हात लावण्यापूर्वी विचार करतो. उलट, दुसऱ्याच्या वृक्षातून माहिती घेतली तर स्रोत म्हणून त्या वृक्षाचेच नाव लिहावे. त्याने ज्या कागदाचा उल्लेख केला आहे तो आपण पाहिल्याचा आव आणू नये. छापील कुलवृत्तांताबाबत (घराण्याची वंशावळ देणाऱ्या ग्रंथाबाबत) तर हे फारच घडते: पाच वृक्षांत एकच पणजोबा सापडले म्हणून आनंद होतो, आणि पाचही जणांनी एकाच कुलवृत्तांतातून उतरवले आहे हे नंतर लक्षात येते.

हयात व्यक्तींची माहिती कोणत्याही सार्वजनिक वृक्षात घालू नये. दत्तकविधान, पाट लावल्याची नोंद, अनौरस संततीचा उल्लेख हे कागदात सापडते. स्वतःच्या खासगी टिपेत ते कागदाबरहुकूम लिहावे, पण सार्वजनिक करण्यापूर्वी त्या शाखेतील माणसांना विचारावे. जनगणनेच्या वैयक्तिक पत्रकांसाठी कोणी हेलपाटे घालू नयेत. १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार ती गोपनीय आहेत.

बार्शीकर

माझ्याकडे शे-दीडशे माणसांचा वृक्ष तयार आहे आणि त्यात एकही टीप नाही. आता मागे जाऊन काय करावे, हे सांगितलेत तर मी आपल्या बाजूला येईन.

जुनी पेठ

सगळ्या नावांना एकदम हात लावू नका. ज्या माणसापाशी दोन शाखा जोडल्या जातात, त्या जोडापासून सुरुवात करा, कारण तो जोड चुकला तर खालचे सगळे चुकते. जिथे स्रोत आठवत नाही तिथे ‘स्रोत नोंदवलेला नाही, वृक्ष तयार करताना घरच्या माहितीवरून’ असे स्पष्ट लिहा. रकाना रिकामा ठेवू नका आणि अंदाजाने कागदाचे नावही घालू नका. मग त्या जोडावरच्या माणसाचा वारस फेरफार काढा. जुन्या सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात. तेवढे क्रमांक अर्जात दिले तर अभिलेख कक्षातील कर्मचाऱ्याला वही शोधणे सोपे जाते आणि आपल्यालाही नक्कल लवकर मिळते. परांड्याकडच्या सोयरिकीसाठी अर्ज तिकडच्या तहसीलला करावा लागेल, आणि उर्दू पान मिळाले तर ते इथे टाका, वाचणारे सदस्य आहेत.